‘एआय झोपत नाही, मग आमची मुलगी का झोपते?’ : मेंदूविकारतज्ज्ञांची प्रश्नोत्तरे

मागच्या लेखात विस्मरणाबद्दल लिहिलं आणि यावेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्यांत एआय निघालं. नौपाड्यातल्या माझ्या दवाखान्यातही तेच. पूर्वी पालक विचारायचे, ‘डॉक्टर, याच्या डोक्यात काही राहत का नाही?’ आता विचारतात, ‘याची मेमरी वाढवून मिळेल का?’ गोखले रोडवर मोबाइलचं कार्ड बदलून मिळतं तसं. तोच गोंधळ पुन्हा पुन्हा येतोय म्हणून एकत्रच उत्तरं देते. मी मेंदूची डॉक्टर आहे, कॉम्प्युटर इंजिनिअर नाही. यंत्राबद्दल लिहिलेला भाग ऐरोलीत नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याला दाखवला. त्याने दोन ठिकाणी काट मारली, ती मी निमूटपणे मान्य केली.

प्रश्न : माणसाच्या मेंदूची मेमरी नेमकी किती जीबी असते? (विद्यार्थी, इयत्ता नववी, कळवा)

जीबीत मोजत नाहीत. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत आणि त्यांना जोडणाऱ्या चेतासंधी सुमारे १०० लाख कोटी. आठवण कुठल्या एका कप्प्यात ठेवलेली नसते. ती या जोडण्यांच्या कमीजास्त ताकदीत पसरलेली असते. एआय ज्यावर चालतं त्या कृत्रिम न्यूरल नेटवर्कमध्येही तसंच. २०२० साली आलेल्या जीपीटी-३ या एआय मॉडेलमध्ये जोडण्यांची ताकद सांगणारे असे १७,५०० कोटी आकडे होते आणि त्यातला एकही आकडा उचलून ‘हे बघा, इथे ठाण्याचं नाव लिहिलंय’ असं दाखवता येत नाही. विज्ञानाच्या बाईंना हे वाचून दाखव आणि पुढचं त्यांना विचार.

प्रश्न : आपण मेंदूचा फक्त दहा टक्केच वापर करतो हे खरं का? (पाचपाखाडी)

नाही. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के असलेला हा अवयव शरीराची जवळपास वीस टक्के ऊर्जा खातो. नव्वद टक्के रिकामटेकडा अवयव निसर्गाने एवढ्या महागात पोसला नसता.

प्रश्न : मी नेरूळला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला बॅकप्रोपगेशन शिकवताना सरांनी ‘मेंदूही असाच शिकतो’ असं सांगितलं. खरं का?

तुमच्या सरांनी घाई केली. बॅकप्रोपगेशनमध्ये उत्तर चुकलं की ती चूक शेवटच्या थरापासून उलट दिशेने मागे पाठवतात आणि प्रत्येक जोडणीला तिच्या वाट्याचा दोष हिशोबाने वाटून देतात. रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या १९८६ च्या लेखानंतर ही पद्धत सगळीकडे गेली. पण चेतापेशीतला संदेश तंतूवरून एकाच दिशेने जातो. दूरच्या टोकाला नेमकं काय चुकलं याचा हिशोब तिला त्याच वाटेने परत मिळत नाही. डीएनएची रचना उलगडणाऱ्या फ्रान्सिस क्रिक यांनी १९८९ मध्येच या मुद्द्यावर नेटवर्कवाल्यांचे कान उपटले होते.

मेंदूतला नियम जास्त घरगुती आहे. डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये तो मांडला : एक पेशी दुसरीला वारंवार चेतवत राहिली की त्या दोघींमधली जोडणी घट्ट होते. मळलेली पायवाट म्हणा. १९७३ मध्ये ब्लिस आणि लोमो यांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे नव्या आठवणी टिपणाऱ्या मेंदूच्या भागात, हे प्रत्यक्ष दाखवलं. थोडा वेळ झपाट्याने विद्युत उद्दीपन दिलं तर जोडणी पुढे तासन्‌तास जास्त ताकदीने प्रतिसाद देत राहिली.

साम्य अजिबात नाही असंही नाही. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशी उसळतात, अपेक्षाभंग झाला की मंदावतात. यंत्राला बक्षीस देऊन शिकवण्याचं गणितही हुबेहूब याच फरकावर चालतं. मेंदू बॅकप्रोपगेशनसारखं काही वेगळ्या मार्गाने साधतो का, यावर आजही संशोधकांत जुंपलेली असते. तेव्हा परीक्षेत सरांचं उत्तर लिहा, आणि प्रोजेक्टला चेताविज्ञान शिकवणारा एखादा मार्गदर्शक शोधा.

प्रश्न : मी रोज चॅटजीपीटीशी बोलतो. माझ्या बोलण्यातून ते शिकत असतं का? मी माझे सगळे रिपोर्ट त्यात टाकले आहेत. (निवृत्त बँक अधिकारी, ब्रह्मांड)

तुम्ही बोलत असताना त्याच्या जोडण्या बदलत नाहीत. त्या प्रशिक्षणात ठरून गेलेल्या असतात. चालू संभाषण त्याच्यासमोर असतं, म्हणून मघाचं आठवल्यासारखं वाटतं. काही अ‍ॅप तुमच्याबद्दल टिपणं करून ठेवतात आणि पुढच्या वेळी ती गुपचूप त्याच्यासमोर सरकवतात. डॉक्टर केसपेपर चाळून ‘काय, गुडघा कसा आहे?’ विचारतात, तसंच हे. तुमचं बोलणं पुढच्या आवृत्तीच्या प्रशिक्षणासाठी वापरायचं की नाही, हे सेटिंग्जमध्ये असतं. घरातल्या जाणत्या माणसाला बसवून आज बघून घ्या. आणि रिपोर्ट ज्यांनी करायला सांगितले, त्या डॉक्टरांना ते दाखवले का? पत्रात तसा उल्लेख नाही.

प्रश्न : मुलगी दहावीला आहे. रात्री एकपर्यंत अभ्यास, पहाटे साडेपाचला उठून सहाचा क्लास. तरी पाठ केलेलं आठवड्यात विसरते. क्लासचे सर म्हणतात, ‘एआय चोवीस तास शिकतं, झोपत नाही, म्हणून ते पुढे जातंय.’ मेडिकलमधून स्मरणशक्तीचं सिरप आणलंय. अजून काय करावं? (एक आई, वर्तकनगर)

ताई, आधी सिरपची बाटली बाजूला ठेवा आणि मुलीला झोपू द्या.

सरांनी यंत्राचं उदाहरण दिलंय, तर यंत्रापासूनच सुरू करू. १९८९ मध्ये मॅक्लोस्की आणि कोहेन यांनी एका छोट्या नेटवर्कला एकाच्या बेरजा शिकवल्या. १ अधिक १, १ अधिक २, अशा. त्या पक्क्या झाल्यावर दोनाच्या शिकवायला घेतल्या. दोनाच्या येऊ लागल्या तशा एकाच्या पुसून गेल्या. हळूहळू फिक्या झाल्या नाहीत, धडाधड गेल्या. कारण जुनं ज्ञान ज्या जोडण्यांत होतं, त्याच जोडण्या नव्यासाठी ओढून वाकवल्या गेल्या. न थांबता नवं नवं भरत राहणाऱ्या यंत्राची ही गत होते. पहाटे रसायन, सकाळी भूगोल, संध्याकाळी भूमिती, रात्री संस्कृत, आणि मध्ये श्वास नाही, हे तुमच्या घरचं वेळापत्रक मला याहून वेगळं वाटत नाही.

आपल्या मेंदूने यावर तोड काढली आहे. दिवसभरातलं नवं आधी हिप्पोकॅम्पस पटकन टिपून घेतो, कच्च्या वहीत लिहावं तसं. मेंदूचा बाहेरचा थर, कॉर्टेक्स, मात्र सावकाश शिकतो, जुन्याला धक्का न लावता. कच्च्या वहीतून पक्क्या वहीत उतरवायचं बरंचसं काम झोपेत होतं. १९९४ मध्ये विल्सन आणि मॅकनॉटन यांनी उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी जागेपणी आणि नंतर झोपेत तपासल्या. फिरताना ज्या पेशी जोडीने चेतत होत्या, त्याच जोड्या नंतरच्या झोपेतही पुन्हा चेतत होत्या. उंदीर झोपेत दिवसाची उजळणी करत होता. तुमची मुलगीही करते, तिला तेवढी झोप मिळाली तर.

आता गंमत बघा. यंत्रवाल्यांना ही उजळणी मेंदूकडून उचलावी लागली. लंडनच्या डीपमाइंडने २०१५ मध्ये अटारीचे जुने व्हिडिओ गेम खेळायला शिकणारं नेटवर्क जाहीर केलं. ते खेळताना आलेले अनुभव साठवून ठेवत होतं आणि त्यातले कुठलेही काही काढून पुन्हा पुन्हा स्वतःला शिकवत होतं. म्हणजे ‘एआय झोपत नाही’ म्हणणाऱ्या सरांना सांगा, त्याला झोपेची नक्कल करावी लागली.

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. तुमची मुलगी साडेचार तास झोपते. पहाटे ब्राह्ममुहूर्तावर केलेला अभ्यास पक्का होतो, असं मला दर फेब्रुवारीत कुणीतरी ऐकवतं. नऊला झोपणाऱ्या आजोबांच्या काळात होत असेल. एकला झोपून साडेपाचला उठणं म्हणजे रात्रीच्या शेवटच्या प्रहरातली, स्वप्नांची झोप सरळ कापून टाकणं.

अभ्यासाचं म्हणाल तर धडा पाचव्यांदा वाचण्याऐवजी पुस्तक मिटून आठवून लिहायला लावा. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर हे तपासलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. पुन्हा वाचताना ‘हे येतंय मला’ असं वाटतं, तेवढंच. आणि उजळणी आज, दोन दिवसांनी, आठवड्याने, अशी अंतर ठेवून करा. एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये निरर्थक अक्षरसमूह पाठ करून, स्वतःवर प्रयोग करून, विसरण्याचा वेग मोजला होता. पहिल्याच दिवशी सर्वात जास्त गळती होते.

सिरपबद्दल : निरोगी मुलीची स्मरणशक्ती वाढवणारं औषध माझ्याकडे नाही, मेडिकलवाल्याकडेही नाही. पण ती खरोखर निरोगी आहे का, हे पाहायला हवं. हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइड तपासा. घोरते का, तोंडाने श्वास घेते का? वर्गात क्षणभर टक लावून हरवल्यासारखी होते का? यातलं काही असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे जा, ते गरज वाटली तर माझ्याकडे पाठवतील. हे प्रिलिमच्या आधी करा. बोर्डाच्या आदल्या आठवड्यात फाइल घेऊन येणाऱ्या पालकांसाठी मी काहीही करू शकत नाही.

प्रश्न : सोसायटीत एका कंपनीने शिबिर घेतलं. सात हजार रुपयांत मुलाच्या दहा बोटांचे ठसे घेऊन मेंदूचा कुठला भाग किती चालतो याचा रंगीत अहवाल दिला. ‘आमचं एआय सांगतं’ म्हणाले. त्यानुसार क्लास निवडावा का? (घोडबंदर रोड)

निवडू नका. बोटांचे ठसे गर्भातच पक्के होतात आणि जन्मभर तसेच राहतात. मेंदू जन्मभर बदलतो. त्यालाच तर शिकणं म्हणतात. न बदलणाऱ्या गोष्टीवरून बदलणाऱ्या गोष्टीचं भविष्य सांगणाऱ्याला आपल्याकडे जुना शब्द आहे आणि तो ‘शास्त्रज्ञ’ नाही. एआयचं नाव घेऊनही फरक पडत नाही, नेटवर्कला चुकीची सांगड शिकवली तर ते तीच आत्मविश्वासाने परत सांगतं. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणाऱ्या ‘मिडब्रेन’वाल्यांचे हे सख्खे भाऊ. ती मुलं नाकाच्या कडेच्या फटीतून बघतात. मुलाला खरंच वाचायला-लिहायला त्रास होत असेल तर शाळेच्या समुपदेशकांकडून अध्ययन अक्षमतेच्या तपासणीची रीतसर चिठ्ठी घ्या. पैसे परत मागा.

प्रश्न : वडील ६१ वर्षांचे. उपवनला फिरायला गेले असताना अचानक ‘आपण इथे कशाला आलोय?’ असं दर दोन मिनिटांनी विचारू लागले. आम्हाला ओळखत होते, चालत-बोलत नीट होते. चार तासांनी आपोआप बरे झाले, पण त्या वेळचं काही आठवत नाही. शेजारी म्हणाले, गॅस डोक्यात चढला. तीन आठवडे झाले. दाखवायला हवं का?

तीन आठवड्यांपूर्वी, त्याच दुपारी दाखवायला हवं होतं. गॅस डोक्यात चढत नाही. शेजाऱ्यांना कळवा.

तुमच्या वर्णनाशी जुळणारा एक प्रकार आहे. त्यात काही तास नवी आठवण नोंदवणंच बंद पडतं, बाकी सगळं शाबूत असतं. तो बहुधा पन्नाशीनंतर होतो, चोवीस तासांच्या आत ओसरतो आणि सहसा मागे काही ठेवत नाही. तेवढे तास मात्र परत येत नाहीत, कारण ते लिहिलेच गेले नव्हते. पण हे निदान मी पत्रावरून करणार नाही आणि तुम्ही मोबाइलवरून करू नये. पक्षाघात, फिट किंवा साखर एकदम उतरणं यांचं रूपही कधी असंच असतं. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तुम्ही चार तास वाट पाहिलीत. या आठवड्यात मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा, एमआरआय आणि ईईजीचं ते ठरवतील. तोवर वडिलांना गाडी चालवू देऊ नका. पुन्हा झालं तर सरळ रुग्णवाहिका बोलवा.

प्रश्न : आजी ८२ वर्षांची. हरिपाठ अख्खा म्हणते, पण चहा घेतला की नाही हे दहा मिनिटांत विसरते. म्हणजे स्मरणशक्ती चांगली आहे ना? (चरई)

हरिपाठ चांगला आहे. स्मरणशक्तीचं सांगता येत नाही. स्मृती एकच नसते. हेन्री मोलायसन या रुग्णाचा दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस फिट थांबवण्यासाठी १९५३ मध्ये बराचसा काढला गेला. त्यानंतर त्याला नवी माणसं, नव्या घटना लक्षात राहीनात. पण ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली, तेव्हा त्याचा हात दिवसागणिक सुधारत गेला. आदल्या दिवशी आपण हे केलंय, हे मात्र त्याला ठाऊक नसे. सत्तर वर्षं रोज म्हटलेला हरिपाठ आणि आजचा चहा, यांच्या वाटा वेगळ्या आहेत.

‘वय झालं’ म्हणून सोडू नका. बी-१२, थायरॉइड आणि सोडियम तपासा. झोपेच्या किंवा सर्दीच्या गोळ्या चालू आहेत का? महिन्या-दोन महिन्यांत न्हाणीघरात पडल्या होत्या का? डोक्यात आत हळूहळू रक्त साठलं तरी असंच दिसतं आणि ते वेळेत सापडलं तर काढता येतं. सगळ्या गोळ्या पिशवीत भरून, आजींना घेऊन डॉक्टरांकडे जा. अहवाल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, मी उघडत नाही.

प्रश्न : भिजवलेले बदाम रोज किती खावेत म्हणजे बुद्धी तल्लख होईल?

आवडतील तेवढे. बुद्धीशी संबंध नाही. मधुमेह किंवा किडनीचा आजार असेल तर आहारतज्ज्ञांना विचारून.

प्रश्न : वय ६८. गडकरी रंगायतनला एका कार्यक्रमात तबला ऐकला आणि शिकावासा वाटतोय. या वयात मेंदू नवं घेईल का, की उशीर झाला?

घेईल, सावकाश घेईल. आजच नाव घाला. त्याआधी कान तपासून घ्या. बायको म्हणते टीव्हीचा आवाज फार मोठा असतो, असं तुम्हीच पत्रात लिहिलंय.