'अवलोकनार्थ' या एका शब्दाने माझी अडीच वर्षं खाल्ली

तुमची पोस्ट काल रात्री वाचली, आज कॉलेजातून आल्यावर परत वाचली. प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व यात एम.ए., नेट झालेली, विषय सातवाहन नाणी. आणि एका सरकारी कोठारात पडून असलेला, अजून कुणी न छापलेला नाणेनिधी, म्हणजे एकत्र सापडलेल्या नाण्यांचा साठा. तिथल्या साहेबांनी फोनवर "या की, बघा हवं तेवढं" म्हटलंय, गाईड खूश आहेत, आणि तुम्ही विचारताय की याच विषयावर पीएचडीची नोंदणी करून टाकू का. घरचे 'याला नोकरी कुठे' म्हणतात ते वेगळंच.

गाव आणि साल बदललं की ही माझीच जुनी पोस्ट झाली. म्हणून जरा लांबण लावते. ब्राह्मी वाचन, पेट (पीएचडीची प्रवेश परीक्षा), कोर्सवर्क, साधनग्रंथ यावर काही बोलत नाही, इथवर आलात म्हणजे ते झालेलंच असणार. आधीच सांगते, मी वकील नाही आणि विद्यापीठागणिक नियम वेगळे असतात. हे एका व्यक्तीचे चटके आहेत, तेवढ्याच किमतीला घ्या.

माझाही निधी सातवाहनांचाच. ४१२ नाणी, बहुतेक पोटीन या तांब्याच्या मिश्रधातूची, एका कार्यालयाच्या ताब्यात. कार्यालयाचं नाव घेत नाही, आणि कृपया खाली कुणी अंदाज बांधत बसू नका. मी फोनवर विसंबले नव्हते, रीतसर अर्ज केला होता, आणि याचाच मला फार अभिमान होता. उत्तर आलं: "सदर नाणी आपणास अवलोकनार्थ उपलब्ध करून देण्यास हरकत नाही." मी ते पत्र प्लॅस्टिकच्या फोल्डरात घालून आईला दाखवलं होतं.

मे महिन्यात १९ दिवस गेले. लाखेचं सील असलेल्या कापडी पिशव्या, आत पंचनाम्याची पिवळी पडलेली चिठ्ठी. भांडारपाल काका आधी नाणी मोजून द्यायचे, संध्याकाळी मोजून घ्यायचे, एक जरी कमी भरलं तरी टेबलाखाली वाकून शोध सुरू. दिवसाला वीस-बावीस नाणी व्हायची. माझा काटा ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा, त्यामुळे वरचा पंखा चालू असला की आकडा थरथरायचा. मग पंखा बंद. काका रुमालाने वारा घेत म्हणायचे, "मॅडम, ह्या हत्तीचं वजन अजून किती दिवस करणार?" नाण्यावर सोंड वर केलेला हत्ती, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे टोकांना वर्तुळं असलेली फुली. नाण्याची चकती छापापेक्षा लहान, त्यामुळे लेख कधीच पुरता उमटलेला नसतो. एकावर 'रञो' (राजाचं), दुसऱ्यावर 'सातक', तिसऱ्यावर नुसतं 'णिस'. पंधरा नाणी शेजारी मांडली की राजाचं नाव पुरं होतं. तो आनंद तुम्हाला मी सांगायला नको.

दोन्ही बाजूंचे ८२४ फोटो, वजनं, व्यास, चिन्हांची दिशा, सगळं वहीत. तिथले साहेब भला माणूस, रोज चहा पाठवायचे.

साहेबांची बदली झाली. तिसऱ्या वर्षी प्रबंधात फोटो छापायची परवानगी हवी म्हणून मी पत्र टाकलं. उत्तर नव्या साहेबांच्या सहीने आलं: आपणास केवळ अवलोकनाची परवानगी होती, वजन व छायाचित्रण कोणाच्या आदेशाने केले याचा लेखी खुलासा करावा.

अवलोकन म्हणजे बघणं. कागदावर मला फक्त नाणी बघायची परवानगी होती. काटा टेबलावर ठेवला त्या पहिल्या सकाळपासून मी परवानगीच्या बाहेर होते, आणि रोज चहा येतोय म्हणून मला ते कळलंही नाही. खरं सांगायचं तर पहिल्या आठवड्यात एकदा मनात आलं होतं की पत्र सुधारून मागावं. पण साहेब एवढे चांगले वागतात, त्यांच्याकडे पुन्हा कागद मागितला तर अविश्वास दाखवल्यासारखं होईल, असं वाटलं. माझी चूक एवढीच, आणि ती पुरली.

पुढचे १४ महिने पत्रापत्री. पत्र वरिष्ठ कार्यालयाकडे 'मार्गदर्शनार्थ' जायचं, तिथून 'उचित कार्यवाहीस्तव' परत यायचं. अकरा फेऱ्या मारल्या, त्यातल्या चार वेळा 'साहेब मीटिंगला'. काका ओळख दाखवायचे पण डोळे चुकवायचे, त्यांच्याकडूनही खुलासा मागवला होता असं नंतर कळलं. त्याचं मला जास्त वाईट वाटतं. शेवटी गाईड म्हणाले, प्रकरण काढून टाक. शीर्षक बदलायला समितीच्या दोन बैठका गेल्या, मुदतवाढ घेतली, आणि छापील निधींवर नव्याने काम केलं. पीएचडीला सात वर्षं लागली. त्या फोटोंचा पेनड्राइव्ह अजून माझ्या कपाटात आहे आणि तो निधी माझ्या माहितीप्रमाणे अजून अप्रकाशित आहे.

त्यांची बाजूही सांगते, नाहीतर एकांगी होईल. नाणं मुठीत मावतं, त्याच्या जागी दुसरं ठेवता येतं, आणि हिशेबात एक कमी आलं तर चौकशी ताबा असलेल्यावर येते. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं की जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. तिथून पंचनामा, ताबा, सील अशी साखळी सुरू होते, आणि प्रत्येक कडीवर कुणाची तरी सही असते. अशा माणसाने 'बघा' म्हणताना हात आखडता घेतला तर समजू शकते. पण मग नियम भिंतीवर लावा ना! अर्जाचा छापील नमुना ठेवा. पोराने काय मागायचं हे त्याला तीन वर्षांनी खुलाशातून कळावं, हे कुठलं मार्गदर्शन?

असो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर: या निधीवर आख्खी पीएचडी टांगू नका. प्रबंध छापील सामग्रीवर उभा करा, हा निधी मिळाला तर एक प्रकरण वाढेल, नाही मिळाला तर काही पडणार नाही. गाईड म्हणतील 'अप्रकाशित साधन' असलं की वजन येतं. येतं, पण लटकतो तो विद्यार्थी.

आणि छापलेल्यात काही उरलं नाही असं कृपया समजू नका. जोगलटेंभीचंच घ्या. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात सापडलेली सुमारे सव्वातेरा हजार चांदीची नाणी, सगळी क्षहरात वंशाच्या नहपान या क्षत्रप राजाची, आणि त्यातल्या दोन तृतीयांशाहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. नहपानाच्या नाकावर तीन कमानींची टेकडी! नाशिकच्या लेण्यातल्या लेखात गौतमीपुत्राची आई बलश्री आपल्या मुलाने क्षहरात वंश निःशेष केला म्हणून सांगते, ते इथे हातात धरून बघता येतं. रेव्हरंड स्कॉट यांनी १९०८ मध्ये त्यावर लिहिलं, आणि हे सगळे चेहरे एकाच माणसाचे कसे, हा प्रश्न त्यांना तेव्हाच पडला होता. शंभरहून जास्त वर्षं झाली, नाणी पाडायच्या साच्यांचा नीट अभ्यास करणाऱ्याला अजून भरपूर काम आहे. तऱ्हाळ्याचा निधीही तसाच. १९३९ साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात सापडलेली सुमारे सोळाशे पोटीन नाणी, वा. वि. मिराशींनी वाचली, आणि पुराणांतल्या राजांच्या यादीत नसलेले कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी असे राजे बाहेर आले. त्यांच्या वाचनावर आज पुन्हा वाद घालता येईल. घालाच.

तरीही त्या कोठारात जायचंच असेल तर अर्जात क्रियापदं लिहा. मी आता विद्यार्थ्यांकडून हे वाक्य घोटून घेते: "अवलोकन, वजन, मोजमाप, दोन्ही बाजूंचे छायाचित्रण, आणि या माहितीचे व छायाचित्रांचे शोधप्रबंधात व शोधनिबंधांत प्रकाशन." उत्तरात यातला एक जरी शब्द गळाला तर काटा पिशवीतून बाहेर काढू नका. परवानगी पदनामाने घ्या, माणसाच्या नावाने नको. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. रोज काम संपताना किती नाणी, कोणत्या पिशवीतली, काय केलं, याचा दोन ओळींचा कागद करून भांडारपालाची आणि तुमची सही. त्यात त्यांचंही रक्षण आहे.

कुणीतरी खाली लिहीलच की माहितीच्या अधिकारात टाका. मलाही तेव्हा दोघांनी सांगितलं होतं. माझं मत, ज्या घरात उद्या पुन्हा चहा प्यायचा आहे तिथे नोटीस घेऊन जाऊ नये. पटत नसेल तर सोडून द्या.

आता नोकरी. जाहिरातीत 'नाणकशास्त्र' असं पद मी तरी पाहिलेलं नाही. नागपूर विद्यापीठात अजय मित्र शास्त्री यांच्यासारखे प्राचीन इतिहासाच्या विभागात बसून सातवाहन नाण्यांवर काम करणारे झाले, पण असे विभाग मोजकेच. बाकीच्यांचा पगार दुसऱ्याच खात्यावर निघाला. मिराशी संस्कृतचे प्राध्यापक. दा. ध. कोसंबी गणिताचे, त्यांनी हजारो आहत (चिन्हांचे ठसे ठोकलेली प्राचीन) नाणी तोलली आणि वापरात नाणं झिजतं तसं सरासरी वजन कसं उतरतं यावरून कालक्रम लावायचा मार्ग दाखवला. परमेश्वरीलाल गुप्त वस्तुसंग्रहालयांत नोकरी करत राहिले. तेव्हा घरच्यांना सांगताना 'नाण्यांचा प्राध्यापक होणार' असं सांगू नका, 'इतिहासाचा प्राध्यापक होणार आणि नाणी करणार' असं सांगा. त्यातही एक खोच आहे. जाहिरातीत नुसतं 'इतिहास' असतं, आपल्या पदवीवर लांबलचक नाव असतं, आणि छाननीत कुणी तरी विचारतं की हा विषय समकक्ष आहे का. नेट कोणत्या विषयात झाली ते तुम्ही लिहिलेलं नाही. पुरातत्त्व किंवा भारतीय संस्कृतीत असेल तर सेट, म्हणजे राज्याची पात्रता परीक्षा, इतिहासात देऊन ठेवा, आत्ताच. मी नाही दिली. सहा वर्षं तासिका तत्त्वावर काढली, सुट्टीत तास नाहीत म्हणून पैसे नाहीत, आणि मुलाखतीला गेलं की आधी समकक्षतेचा कागद.

एक जोडटीप. गावात कुणी घरची नाणी दाखवली तर ती चिंच लावून घासू नका, त्यांनाही घासू देऊ नका, आणि मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, तांब्यावर हिरवा चिकट थर येतो. शिशाची नाणी लाकडी खणात पांढरी पडतात. सराफाकडची नाणी बघा, डोळा तयार होतो, पण प्रबंधात वापरू नका. ती कुठे सापडली ते सांगता येत नाही, आणि ओतीव नकली नाणी भरपूर आहेत.

साहेबांचं उत्तर लेखी आलं की नावं काळी करून इथे टाका, मी शब्द न् शब्द बघून देते. आणि जायचं ठरलं तर डिसेंबरात जा. पंखा बंदच ठेवावा लागणार आहे.