हिमेजीचा किल्ला एका दिवसात

प्रश्न : मुलीकडे ओसाकाला जात आहोत. हिमेजीचा किल्ला रेल्वेने एका दिवसात पाहता येईल का? माझे गुडघे दुखतात. (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : अवश्य. ओसाकाहून जलद लोकल सुमारे तासाभरात हिमेजीला पोहोचते आणि स्थानकाबाहेर पडताच सरळ रस्त्याच्या टोकाला शुभ्र किल्ला दिसतो. चालत वीस मिनिटे. आपल्या पारोळ्याच्या किल्ल्याचे दगडी बुरूज पाहिलेल्या डोळ्यांना, दगडी जोत्यावर उभा असलेला, १६०९ साली पूर्ण झालेला आणि चुन्याच्या गिलाव्याने उजळलेला हा लाकडी मनोरा फार वेगळा आणि मला अतिशय सुंदर वाटतो. आतले लाकडी जिने मात्र उभे आहेत आणि पादत्राणे काढून चढावे लागते, म्हणून आपण अंगणातूनच तो डोळे भरून पाहावा. नंतर शेजारच्या कोको-एन उद्यानात निवांत बसावे.