बहात्तरच्या दुष्काळावरची तुझी फिल्म पाहिली

अगं, तुझा रफ कट काल रात्री पाहिला, लागोपाठ दोनदा, आणि सकाळी चहा घेताना मधला भाग परत एकदा. व्हॉट्सअपवर दोन ओळी टाकून मोकळं व्हावं असं काही वाटेना, म्हणून हे लांबलचक लिहितोय. निवांत वाच, सगळं एका दमात वाचायची गरज नाही.

आधी हे सांगतो की तू जे केलंस ते फार वेळेवर केलंस. सात बायकांना बोलतं केलंस, त्यातली सगळ्यात लहान बाई सत्तरीच्या पुढची, आणि त्या तुझ्याशी बोलताना कॅमेऱ्याकडे बघत नाहीत, तुझ्याकडे बघतात, म्हणजे तू त्यांच्या ओट्यावर बरेच दिवस नुसती बसली असणार, कॅमेरा न काढता. हे शिकवून येत नाही.

आता ज्याच्यामुळे रात्री झोप लागली नाही ते. तिसऱ्या मिनिटाला "बहात्तरचा दुष्काळ" असं तू म्हणतेस आणि पडद्यावर हाडांचे सापळे झालेल्या माणसांचा जुना फोटो येतो. तो फोटो बहात्तरचा नाही गं, महाराष्ट्रातलाही नाही. तो १८७६-७८ मधला, मद्रास इलाख्यातल्या दुष्काळाचा, हूपर नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने काढलेला. नेटवर हे फोटो बंगालचा १९४३ चा दुष्काळ म्हणूनही फिरतात, कोण कुठला फोटो कुठं चिकटवतं काही विचारू नको. तुला सर्चमध्ये मिळाला, तू टाकलास, हेतू चांगलाच होता. पण बघ काय झालं.

बहात्तरची खरी गोष्ट त्या फोटोच्या जवळजवळ उलटी आहे. १९७० पासूनच पाऊस दगा देत होता, १९७२ ला पार गेला, पिकं करपली, जनावरं कवडीमोल विकली गेली, आणि तरीही एवढ्या मोठ्या दुष्काळात मोठी उपासमारी टळली म्हणून ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ आजही त्याचं उदाहरण देतात. टळली कशामुळे? तर रस्ते, पाझर तलाव, बंडिंग म्हणजे शेतातली बांधबंदिस्ती, खडी फोडणं अशी कामं काढली म्हणून. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात जवळपास ५० लाख माणसं या कामांवर होती. ५० लाख! आणि त्यात बायका केवढ्या. तुझ्या सातही जणी त्यातल्याच. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात जी कल्पना आधी करून पाहिली होती तिची रोजगार हमी झाली, १९७७ ला तिचा कायदा झाला, मागेल त्याला काम द्यायचं, आणि २००५ ला देशभरासाठी जो रोजगाराचा कायदा आला त्याच्या मुळाशी हाच अनुभव आहे. म्हणजे तुझ्या गावच्या बायकांनी ज्या टोपल्या उचलल्या त्यातून देशाचा कायदा निघाला, आणि तू त्यांच्या गोष्टीच्या सुरुवातीलाच शंभर वर्षांपूर्वीची, काहीच करता न आलेली, मरायला टेकलेली माणसं दाखवलीस. त्या बायका फिल्म बघतील तेव्हा म्हणतील, हे आम्ही नाही.

याचा अर्थ सगळं गोडगोड दाखव असा अजिबात नाही. मजुरी तुटपुंजी होती, पगार वेळेवर व्हायचा नाही, मस्टरवर खोटी नावं लागायची अशा तक्रारी तेव्हाच्या माणसांकडून मी स्वतः ऐकल्यात, बाहेरून आलेली ती लाल मिलो ज्वारी कुणाच्या घशाखाली उतरायची नाही, सुकडी, म्हणजे वाटलं जायचं ते पौष्टिक पीठ, खाऊन पोरं वाढली. हे सगळं येऊ दे. पण ज्याचं त्याच्या जागी येऊ दे.

मी हे एवढं ताणून का सांगतोय तर माझ्या हातून हे झालेलं आहे. पंचवीस एक वर्षांपूर्वी एका पुरावरच्या फिल्ममध्ये मला हवा तसा पाण्याचा लोंढा मिळाला नव्हता म्हणून मी दुसऱ्याच नदीचा शॉट लावला, आठ सेकंदांचा. गावात पडदा लावून दाखवली तेव्हा मागून एक म्हातारे उठले आणि म्हणाले, "ही नदी आमची नाही, आमच्या नदीला या अंगाला चिंच आहे." बस, एवढंच म्हणाले आणि बसले. पुढची चाळीस मिनिटं लोक फिल्म बघत होते पण विश्वास ठेवून बघत नव्हते, ते मला पाठीमागून कळत होतं. ते आठ सेकंद मी नंतर काढून टाकले, त्या रात्रीचं काही करता आलं नाही.

तेव्हा नियम असा कर की फ्रेममध्ये येणाऱ्या प्रत्येक जुन्या फोटोची, क्लिपची एक वही ठेव, कुठला, कधीचा, कुणी काढला, परवानगी कुणाची. तिन्ही-चारी रकाने भरले नाहीत तर तो फोटो फिल्ममध्ये नाही. खरं फुटेज हवं असेल तर फिल्म्स डिव्हिजनचा, म्हणजे सरकारी माहितीपट काढणाऱ्या खात्याचा, जुना साठा आहे, मुंबईतल्या पेडर रोडवाल्यांचा, २०२२ मध्ये ते एनएफडीसीत, म्हणजे सरकारी चित्रपट महामंडळात, विलीन झालं पण साठा आहे. थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी सक्तीने दाखवायचे ना ते माहितीपट, तेच. पत्र लिही, पाठपुरावा कर, वेळ लागेल. आणि त्याच्याही आधी गावातच शोध, तालुक्याच्या वाचनालयात त्या वर्षांचे पेपर बांधून ठेवलेले असतात, ग्रामपंचायतीचं कपाट उघडायला लाव, कुणाच्या तरी ट्रंकेत एखादा फोटो निघतोच. आणि काहीच नाही मिळालं तर काळा पडदा ठेव आणि आवाज ऐकव, चालतं. एआयकडून दुष्काळाचं चित्र काढून घेऊ नकोस, हात जोडून सांगतो, तुझ्याकडे जिवंत साक्षीदार आहेत.

याच्याच जवळचा दुसरा मुद्दा, अकराव्या मिनिटाचा. तुझ्या मैत्रिणींना जुनी लुगडी नेसवून खडी फोडायला लावलीस आणि वर ब्लॅक अँड व्हाइट करून ओरखडे टाकलेस, जुनी रीळ वाटावी म्हणून. पुनर्निर्मिती हा गुन्हा नाही, ती पहिल्यापासून चालत आलीय. १९२२ च्या त्या प्रसिद्ध नानूकच्या फिल्ममध्ये, बर्फाळ प्रदेशातल्या एस्किमो शिकाऱ्यावरच्या माहितीपटात, दिग्दर्शक फ्लाहर्टीने कॅमेऱ्याला उजेड मिळावा म्हणून अर्धाच इग्लू (बर्फाचं घर) बांधून घेतला होता, आणि बंदूक वापरणाऱ्या शिकाऱ्याला भाल्याने शिकार करायला लावली होती. इग्लूचं मी समजू शकतो. भाल्याचं नाही, कारण तिथे त्या माणसाचा आजचा काळच काढून घेतला आणि त्याला आजोबाच्या काळात नेऊन ठेवलं. तुझे ओरखडे त्या भाल्यासारखे आहेत. ते म्हणतात की हे १९७२ मध्ये शूट झालंय. ओरखडे काढ, रंग राहू दे, खाली "पुनर्निर्मित दृश्य" असं लिही, नाहीतर त्याहून सोपं, सीनच काढ आणि त्या चौथ्या आजींच्या हातात घण दे आणि म्हण, आजी कसं धरायचात दाखवा. त्या घण धरतील ना, तेव्हा त्यांचं शरीर सगळं सांगेल. पन्नास वर्षांनीसुद्धा हात विसरत नाहीत.

प्रश्न विचारण्याबद्दल. "तुम्हाला तेव्हा कसं वाटलं" हा प्रश्न तू चार ठिकाणी विचारलास आणि चारही ठिकाणी उत्तर एकच आलं, "काय वाटणार, दिवस काढले." बरोबरच आहे त्यांचं. त्यापेक्षा विचार, पहाटे किती वाजता निघायचात, बरोबर काय बांधून न्यायचात, तान्हं पोर कुठं ठेवायचात, झोळी कशाला बांधायचात, मुकादम नाव कसं पुकारायचा, पगार कुणाच्या हातात पडायचा, तुमच्या की मालकांच्या. हा शेवटचा प्रश्न विचारच विचार, कारण रोख पैसा स्वतःच्या हातात पहिल्यांदा आला असं सांगणाऱ्या कितीतरी बायका मला भेटल्यात, आणि तुला जी सामाजिक बदलाची गोष्ट सांगायचीय ती तिथं आहे, तुझ्या निवेदनात नाही. तारखांचं मात्र जपून. माणसं दोन दुष्काळ एकात कालवतात. कोण कितवं मूल पोटात होतं ते विचार, मग शाळेच्या दाखल्याशी जुळवून घे.

निवेदन निम्मं कर. "दुष्काळाच्या वणव्यात होरपळलेली" वगैरे सगळं काढ आणि बासरीसुद्धा काढ. बासरीमुळे आजी थांबतात ती शांतता ऐकूच येत नाही. प्रत्येक घरात एक मिनिट कुणी न बोलता नुसता तिथला आवाज रेकॉर्ड करून ठेवत जा, पंखा, कोंबड्या, लांबचा ट्रॅक्टर, एडिटला बसशील तेव्हा त्याची किंमत कळेल.

आता पाण्याचं, कारण इथं मला तुझी फिल्म अजून मोठी होताना दिसतेय. सहाव्या आजी म्हणतात, "तवा पाणी हुतं, दाणं नव्हतं. आता दाणं हाईत, पाणी न्हाई." तू ते वाक्य घेतलंस आणि पुढे गेलीस! अगं तिथं थांब. हे वाक्य तुला मराठवाड्यात, नगरला, माणदेशात सगळीकडे ऐकू येईल. असं का झालं हे दाखवायला गावातल्या जुन्या विहिरीत कॅमेरा उतरव, वर मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, विहीर खोदणाऱ्या माणसालाच बोलू दे, कुठल्या थराला पाणी लागतं ते तो बोट लावून दाखवेल. मग भूजलाचा अभ्यास असलेल्या कुणालातरी त्याच काठावर उभं कर, ऑफिसच्या खुर्चीत नको, आणि विचार की बोअर आल्यावर काय झालं, उसाला किती जातं, दगडाच्या भेगांत पाणी परत भरायला काय लागतं. आणि तुमच्या शाळेपुढचा तो गंजका हापसा, जो तू फक्त उदास दिसतो म्हणून घेतलायस, त्याचीही गोष्ट आहे. इंडिया मार्क टू नावाचा जो हातपंप पुढे आफ्रिकेपर्यंत गेला त्याची मूळ रचना सोलापूर पंपावरून आली, आणि त्याच्या आधी जालना पंप होता. सोलापूर आणि जालना! दुष्काळी मुलखातच ही अक्कल लढवली गेली. तेवढं तीस सेकंदात सांगता येईल.

याला वेळ लागेल, आणि तू म्हणालीस की पुढच्या महिन्यात फेस्टिवलची डेडलाईन आहे. सोडून दे. जाऊ दे हे वर्ष. फाळक्यांनी पैसे लावणाऱ्याला पटवायला कुंडीत वाटाणा पेरला आणि वेल होईपर्यंत एकेक फ्रेम घेत बसले, हरिश्चंद्राच्याही आधी. आनंद पटवर्धनांची जय भीम कॉम्रेड ही डॉक्युमेंटरी १९९७ च्या मुंबईतल्या रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर सुरू झाली आणि १४ वर्षांनी पूर्ण झाली. तुला १४ वर्षं लाव म्हणत नाहीये, पण एक पावसाळा तरी थांब, तोच पाझर तलाव भरलेला आणि मेमधला कोरडा, दोन्ही एकाच जागेवरून घे, ट्रायपॉडच्या पायांशी तीन दगड गाडून ठेव म्हणजे जागा चुकणार नाही.

संमतीचे कागद केलेस ते बरं केलंस, पण त्यावर अंगठे आहेत. त्यांना ते वाचून दाखवलंस का? मोठ्याने, त्यांच्या बोलीत, घरचं कुणीतरी समोर असताना परत वाच. आणि युट्यूब म्हणजे काय तेही सांग, की परगावची माणसंसुद्धा बघणार. तिसऱ्या आजींनी मुकादमाबद्दल जे सांगितलंय त्याची नातवंडं त्याच गावात राहतात, ते ठेवायचं की नाही हे तू नको ठरवूस, त्या आजींना ऐकव आणि त्यांनाच विचार. नको म्हणाल्या तर कितीही भारी असलं तरी काढ.

शेवटच्या आजी, ज्या बोलता बोलता उठून आत जातात आणि तू तिथे कट मारलायस, त्या आत कशाला गेल्या होत्या? मला तर वाटलं काहीतरी आणायला गेल्या. पूर्ण क्लिप पाठव ना मला, न कापलेली, आवाजासकट. आणि त्यांच्याकडे या आठवड्यातच जा, कॅमेरा नेलास तरी पिशवीतच ठेव.