नागपूर सोडून जवळच्या खेड्यात राहायला जावं का? मुलगी पंधराची, मुलगा तेराचा आहे

तुम्ही लिहिलंय की तासाभराच्या अंतरावरच्या मूळ गावी कायमचं राहायला जायचं जवळपास ठरलंय, पण या वयाची मुलं तिथे कंटाळतील अशी भीती वाटते. आम्ही हेच २०१८ च्या उन्हाळ्यात केलं. काटोल तालुक्यातलं सासऱ्यांचं गाव, नागपूरपासून साठेक किलोमीटर. लेक तेव्हा नववीत जाणार होती आणि मुलगा आठवीत.

कंटाळ्याचं फार मनावर घेऊ नका. जपायचं आहे ते मुलांचं येणं-जाणं. नागपुरात माझी लेक शिकवणीला सायकलने जायची, येताना मैत्रिणीकडे थांबायची, उशीर होणार असेल तर फोन करायची. गावात आल्यावर साधी वही आणायची तरी बाबांच्या गाडीची वाट बघायची. शाळा काटोलला, आठ किलोमीटरवर. सकाळी एक एसटी, संध्याकाळी सव्वासहाला शेवटची. ती चुकली की घरून कोणीतरी घ्यायला जायचं. पहिले तीन-चार महिने ती भांडली नाही, रडली नाही, नुसती गप्प होत गेली. आम्हाला वाटलं, रुळली. दिवाळीत मावशीकडे नागपूरला चार दिवस जायचं होतं तर तिने बॅगच भरली नाही. विचारलं तेव्हा म्हणाली, "परत यायचंच आहे तर कशाला जाऊ? तिथं मी जात होती. इथं मला नेतात."

ते वाक्य ऐकून मी रात्रभर जागी होते. त्या आठवड्यात तिची जुनी सायकल नागपूरहून आणली. एसटीचा पास काढलेला होताच. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत तो फुकट मिळतो, मुलांना एक तृतीयांश भाडं पडतं. शाळेतून बोनाफाईड घेऊन आगारात जायचं, एवढंच काम. खरं काम आम्हा दोघांचं होतं, तिला एकटीला जाऊ द्यायचं.

कारण गावात मुलगी घरी पोचायच्या आधी तिची बातमी पोचते. एकदा एक ओळखीचे काका माझ्या नवऱ्याला पानठेल्यावर सांगू लागले, "तुमची पोरगी स्टँडवर एका पोट्ट्यासंग बोलत होती." चारचौघं ऐकत होते. हे म्हणाले, "मले माहीत हाय. मीच तिले त्याच्याकडून वह्या आणाले सांगतलं होतं." खरं तर यांना काहीच ठाऊक नव्हतं. घरी आल्यावर लेकीला विचारलं, तिने सरळ सांगितलं, विषय संपला. पुन्हा कोणी काही बोललं नाही. बाप चारचौघांत आपल्या मुलीच्या बाजूने उभा राहिला की गावाला कळतं, आणि मुलीला त्याहून जास्त कळतं. तुमच्या घरात याची तयारी असेल तरच मुलीला घेऊन जा.

शाळेचं थोडक्यात सांगते. नववी आणि दहावी एकाच शाळेत, एकाच बोर्डाची राहू द्या. तुमची मुलगी यंदा दहावीत जाणार असेल तर एक वर्ष थांबा. नववीत जाणार असेल तर मे महिन्यात सामान हलवा. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेवढे दिवस हाताशी मिळतात. इंग्रजी माध्यमातून येत असेल तर गणित-विज्ञान इंग्रजीत असलेली सेमीची तुकडी आहे का ते आधी विचारून घ्या. आणि मनाची एक तयारी ठेवा, अकरावी-बारावीला किंवा त्यानंतर ती पुन्हा शहरात जाणारच. माझी लेक २०२० साली दहावी झाली, टाळेबंदीमुळे तिचा भूगोलाचा पेपर रद्दच झाला होता. पुढचं वर्ष तिने स्लॅबवर ताडपत्रीखाली बसून ऑनलाइन काढलं, कारण घरात नेटवर्क नव्हतं. बारावीनंतर नागपूरला वसतिगृहात गेली. म्हणजे गाव तिच्या वाट्याला चारच वर्षं आलं. मुलगा मात्र तिथेच वाढला.

मुलाच्या बाबतीत दोन गोष्टींवर मी हटून बसले. गावातली तेरा-चौदाची पोरं सर्रास मोटरसायकल चालवतात. मुलाने वर्षभर तोंड फुगवलं, पण किल्ली दिली नाही. सोळाव्या वर्षी फक्त पन्नास सीसीपर्यंतच्या गाडीचा परवाना मिळतो, गिअरची गाडी अठरानंतरच, आणि मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून त्या कायद्याखालचा गुन्हा घडला तर पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसरं, फवारणी. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारा मारायला घरचं मूल सोबत नेणं खेड्यात कोणाला वावगं वाटत नाही. पण २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, ते आपण सगळ्यांनी बघितलंय. फवारणीच्या दिवशी मुलाला वावरात पाऊलही टाकू देऊ नका.

बाकी वावरातली कामं त्याला मनापासून करू द्या. आमची संत्र्याची बाग आहे. डिसेंबरात झाडांना ताण देतात, पाणी तोडतात, पानं मलूल होतात. जानेवारीत ताण तोडून पाणी सोडलं की आंबिया बहार फुटतो. तेव्हा आमच्याकडे शेतीच्या पंपाची लाईन, म्हणजे वीज, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असायची. एका वर्षी ताण तोडायच्या वेळी नेमकी रात्रपाळी आली आणि आबाजींना, माझ्या सासऱ्यांना, ताप. मुलगा बाबांसोबत रात्री दोनला बॅटरी आणि काठी घेऊन गेला, रानडुकरांची भीती होती म्हणून. एकेक आळं भरलं की फावड्याने दांड फोडून पाणी पुढच्या झाडाकडे वळवायचं, पहाटेपर्यंत हेच. सकाळी चिखलाने माखलेला घरी आला आणि आबाजींच्या खाटेजवळ बसून कोणत्या ओळीत पाणी नीट चढलं नाही ते सांगू लागला. आबाजींनी त्याला पहिल्यांदाच विचारलं, "मंग काय करावं म्हणतो?" फेब्रुवारीत बाग फुलली तेव्हा तो मला हात धरून त्याच ओळीत घेऊन गेला. फुलांचा वास पार रस्त्यापर्यंत येत होता.

ठरवण्याआधी दोनदा राहून बघा. मेमध्ये आठ दिवस, पारा पंचेचाळिसाला आणि लाईन जाऊन कूलर बंद पडलेला असताना. मग पोळ्याच्या आसपास आठ दिवस, वाटेवर चिखल आणि सापाची भीती असताना. त्यात एक संध्याकाळ मुलीला तालुक्याहून शेवटच्या एसटीने एकटीला येऊ द्या. तुम्ही फाट्यावर थांबू नका, घरीच थांबा. ती आल्यावर काय सांगते ते ऐका आणि मगच घराचा पाया खोदा.