कायद्याची भाषा : ‘एनसी’ लिहून घेतली म्हणजे तक्रार फेटाळली का?

प्रश्न : आम्ही सोलापुरात अक्कलकोट रस्त्यालगतच्या वस्तीत राहतो. पाण्याच्या पाळीवरून वाद झाला आणि शेजाऱ्याने माझ्या यजमानांना लाथाबुक्क्यांनी मारहाण केली. यजमान यंत्रमागावर कामाला आहेत. पोलीस ठाण्यात ‘एनसी’ नोंदवून घेतली आणि कोर्टात जाण्यास सांगितले. दोन दिवसांनी एक्स-रे काढला, तेव्हा मनगटाचे हाड मोडल्याचे निघाले. आमची तक्रार फेटाळली गेली का? अदखलपात्र, जामीनपात्र या शब्दांचा नेमका अर्थ काय? (एक वाचक भगिनी)

उत्तर : आपली तक्रार फेटाळली गेलेली नाही, मात्र ती ज्या शब्दाखाली नोंदली गेली, त्या शब्दाने पोलिसांचे हात बांधले आहेत. ज्या गुन्ह्यात पोलीस न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता तपास सुरू करू शकतात आणि वॉरंटाशिवाय अटक करू शकतात, तो दखलपात्र गुन्हा. ज्यात न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही, तो अदखलपात्र. बोलीभाषेतली ‘एनसी’ ती हीच. ‘पोलिसांनी दखल घेतली नाही’ असा अर्थ पुष्कळ जण त्यातून काढतात, तो चुकीचा आहे. अदखलपात्र कृत्यही गुन्हाच असते आणि त्यालाही शिक्षा असते.

आपल्या प्रकरणाचा कणा त्या एक्स-रेमध्ये आहे. हातापायांनी मारहाण करून साधी दुखापत करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 115(2) खालील गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात आणि तो अदखलपात्र आहे. तक्रारीच्या दिवशी केवळ सूज दिसत होती, तेव्हा ठाणे अंमलदारांनी केलेली नोंद त्या वेळच्या माहितीला धरून होती. परंतु ‘गंभीर दुखापत’ हा शब्द कायद्यात बोलण्यातल्यासारखा सैल नाही. कलम 116 मध्ये तिचे आठ प्रकार मोजून दिलेले आहेत आणि हाड किंवा दात मोडणे हा त्यांपैकी एक आहे. ज्या दुखापतीमुळे माणसाला पंधरा दिवस तीव्र वेदना होतात किंवा नेहमीचे काम करता येत नाही, तीही त्यातच मोडते. जुन्या दंड संहितेत ही मुदत वीस दिवसांची होती. मनगट मोडलेल्या माणसाला मागावर उभे राहता येत नाही, हे मी वेगळे सांगायला नको. अशी गंभीर दुखापत जाणूनबुजून केल्यास कलम 117(2) लागते, शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद व दंड अशी होते आणि गुन्हा दखलपात्र ठरतो. मारणाऱ्याचा तसा हेतू होता का, किंवा असे होऊ शकते याची त्याला जाणीव होती का, हेही अर्थात पाहिले जाते.

म्हणून आता एवढे करावे. एक्स-रे, डॉक्टरांचा अहवाल आणि दुखापतीचे प्रमाणपत्र घेऊन त्याच पोलीस ठाण्यात जावे, यजमानांचा पुरवणी जबाब द्यावा आणि कलमवाढ करून एफआयआर नोंदवण्याची लेखी विनंती करून तिची पोच घ्यावी. माहितीवरून दखलपात्र गुन्हा उघड होत असेल, तर एफआयआर नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात 2013 साली दिला. एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. तरीही नोंद झाली नाही, तर वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज पाठवावा आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे. वकिलाच्या खर्चाची चिंता असल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे, कारण महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळण्याचा हक्क आहे.

जामीनपात्र हा शब्द निराळ्या जोडीतला आहे. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो, अजामीनपात्र गुन्ह्यात तो देणे न्यायालयाच्या विवेकावर असते. तो मिळूच शकत नाही, असे नव्हे. कलम 117(2) चा गुन्हा दखलपात्र असूनही जामीनपात्र आहे, त्यामुळे शेजारी लगेच जामिनावर सुटला तर ‘पोलीस मिळाले’ असा समज करून घेऊ नये.

प्रश्न : गड्डा यात्रेच्या गर्दीत माझे पाकीट गेले. ही चोरी, जबरी चोरी की दरोडा?

उत्तर : नकळत पाकीट काढून घेतले असेल तर चोरी. चोरीसाठी मारहाण केली किंवा तात्काळ इजेची भीती घातली तर जबरी चोरी. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जबरी चोरी केली तर दरोडा. तक्रारीत पाकिटातल्या ऐवजाची किंमत नीट लिहावी, कारण 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र आहे.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावावर एक गुन्हा दाखल आहे, दोषारोपपत्रही गेले आहे. गल्लीत त्याला सर्रास ‘गुन्हेगार’ म्हणतात. आरोपी आणि गुन्हेगार एकच का?

उत्तर : मुळीच नाही, आणि हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. एफआयआर ही गुन्ह्याची पहिली खबर असते. दोषारोपपत्र हा तपासानंतर पोलिसांनी न्यायालयाला दिलेला अहवाल असतो. नावात ‘दोष’ असला तरी तो निकाल नव्हे. त्यानंतर न्यायालय आरोप निश्चित करते किंवा पुरेसा आधार नसल्यास आरोपीला खटल्यापूर्वीच दोषमुक्त करते. पुरावा तपासून न्यायालयाने दोषी ठरवले, तरच दोषसिद्धी होते. अन्यथा निर्दोष मुक्तता होते. तोपर्यंत आपला भाऊ आरोपी आहे, एवढेच म्हणता येते.

सोलापूरकरांनी तरी हा शब्द जपून वापरावा. ब्रिटिशांनी 1871 च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, त्यांपैकी अनेक कुटुंबांना आपल्याच शहरातल्या तारेच्या कुंपणाआड, सेटलमेंटमध्ये ठेवले आणि हजेरीची सक्ती केली. त्यांच्यावर ना आरोप होता, ना पुरावा, ना निकाल. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा गेला, पण त्या वस्तीच्या पत्त्यावरून माणसाकडे पाहण्याची नजर पुढे कित्येक वर्षे बदलली नाही.

भावाला एक गोष्ट आवर्जून सांगावी. नोकरीच्या अर्जात प्रलंबित खटल्याची माहिती विचारली असेल तर ती लपवू नये, मात्र ‘शिक्षा झाली आहे का’ या रकान्यात ‘नाही’ असेच लिहावे. निकाल लागल्यावर निकालपत्राची प्रमाणित प्रत न्यायालयाच्या नक्कल विभागातून काढून जपून ठेवावी.