भिंत मागायला जाशील तेव्हा

बेटा,

तुझं स्केच पाहिलं व्हॉट्सअ‍ॅपवर. हात चांगला आहे तुझा, त्यात वाद नाही. पण ज्या भिंतीवर हे काढणार म्हणून राहिली, तिच्यासमोर एक अख्खी दुपार बसली का कधी? नाही ना, मग डिझाइन कुठून आलं बाप्पा?

मीही हेच केलं होतं. उत्तर नागपुरातली एक वस्ती, पुस्तक वाचणारी मुलगी, मागे उगवता सूर्य, एकदम कॅलेंडर. तिसऱ्या दिवशी एक मावशी पाण्याचा रिकामा गुंड कमरेवर घेऊन उभी राहिली, म्हणे भाऊ मस्त झालं, पण आमचा नळ कुठंय यात? त्या भिंतीखालीच नळ होता, तिथंच भांडणं, तिथंच सोयरिकी जुळायच्या, अन् मी तो उडवून टाकला कारण कंपोझिशनमध्ये बसत नव्हता. अजून लाज वाटते.

वस्तीवाले बाबासाहेब काढा म्हणतील. सगळेच काढतात म्हणून नाक मुरडू नको. 14 ऑक्टोबर 1956 ला घरातलं कोण गेलं होतं, पांढरं लुगडं कुठून आणलं, कसे पोचले, हे विचार. चेहरा फोटोवरून निघेल, चित्र त्या गोष्टीतून निघते.

लॉस एंजेलिसची भिंती रंगवणारी चित्रकार ज्युडी बाका माहीत असेल तुला. 1976 मध्ये पुराचं पाणी नेणाऱ्या सिमेंटच्या कालव्याची भिंत घेतली तिनं, पोट्ट्यापोट्टींना सोबत घेतलं, त्यातले कितीतरी पोलीस-कोर्टात अडकलेले, अन् पुस्तकात न आलेला आपल्या लोकांचा इतिहास त्यांच्याच हातून रंगवून घेतला. 1983 पर्यंत जवळपास अर्धा मैल झाली. नाग नदीच्या भिंती पाहिल्या की मला तेच आठवते, जाऊ दे.

आणि भिंत पुसली गेली तर रडत बसू नको. आपण मारबतवाल्या गावचे आहोत, इतके दिवस खपून बडग्या, म्हणजे मिरवणुकीचा पुतळा, बनवतात, महागाईपासून पुढाऱ्यापर्यंत सगळ्यांची काढतात, अन् मिरवणूक झाली की जाळून टाकतात. पुढच्या पोळ्याला नवा. (फक्त पुसायच्या आधी फोटो काढून ठेव, माझ्या पहिल्या भिंतीचा एकही नाही.)

पैशाचं मात्र आधीच बोल. सामाजिक काम आहे म्हणून रंगाचे देतात अन् मजुरी विसरतात, मला एकानं आठ महिने फिरवलं. पोट्टे रंगवायला येतील त्यांच्या नाश्त्याचे पैसेही त्यातच धर, तर्री पोहे फुकट येत नाहीत.

भिंतीला खार फुटला असेल तर वरून प्रायमर मारून काही होत नाही, पोपडे निघतातच. पत्र्यानं खरवडायचं, ओल कुठून येते ते शोधायचं, बुजवायचं, वाळू द्यायचं, मग रंग. मे महिन्यात तर सकाळी नऊनंतर रंग ब्रशवरच वाळते.

रविवारी सहाला ये, त्या नळाच्या भिंतीचीच खरवड काढायची आहे. दुपट्टा आण, पाण्याची बाटली आण. स्केचबुक घरीच राहू दे.