वाचकांचे प्रश्न : कटरची धूळ आणि छाती

प्रश्न : मी किचनचे ओटे बसवतो. पूर्वी फक्त ग्रॅनाइट असायचा, आता क्वार्ट्झचे तयार स्लॅबही येतात. बंद फ्लॅटमध्ये चार इंची कटर चालवताना तोंडाला रुमाल बांधतो. त्याऐवजी मास्क घेतला तर पुरेल का?
– एक मिस्त्री, नाशिक

उत्तर : रुमाल आजच सोडा, पण नुसत्या मास्कच्या भरवशावरही राहू नका. आधी धूळ उडूच नये याची सोय करा, म्हणजे पाणी. पाण्याची नळी जोडता येणारा मार्बल कटर बाजारात मिळतो, तोच घ्या. पात्यावर मिनिटाला किमान अर्धा लिटर पाणी सलग पडलं पाहिजे. म्हणजे दहा लिटरचा कॅन उंचावर टांगला तर वीस मिनिटं पुरेल. मदतनीस बाटलीने पाणी ओततो ती पद्धत वाईट. धार मध्येच तुटते, नेमकी तेव्हाच धूळ उडते, आणि मदतनिसाचं तोंड पात्याजवळ राहतं. पाणी आलं की विजेचा धोका आला, म्हणून ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावल्याशिवाय मशीन सुरू करू नका. साध्या ग्राइंडरवर तर पाणी मुळीच ओतू नका. शक्य तितकी कटाई फ्लॅटबाहेर, मोकळ्या जागेत करा.

क्वार्ट्झ स्लॅबबद्दल वेगळं सांगायला हवं. ग्रॅनाइटमध्ये सिलिका (जिची बारीक धूळ फुप्फुसं खराब करते ते खनिज) साधारण चौथा हिस्सा ते चाळीस टक्के असते, या कृत्रिम दगडात ती अनेकदा नव्वद टक्क्यांच्या वर जाते. एरवी या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, सिलिकोसिस, व्हायला दहा वर्षं किंवा जास्त लागतात, या दगडावर काम करणाऱ्या तरुण कारागिरांना तो त्याहून लवकर झालेला आढळला. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातली. हा दगड कोरडा कापायचं काम कितीही पैसे मिळाले तरी घेऊ नका, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता मास्क. त्यावर आयएस ९४७३ (मास्कचं भारतीय मानक) आणि एफएफपी२ (धूळ गाळण्याचा दर्जा) असा छाप बघा. कानात अडकवायचा नको, डोक्यामागून दोन पट्ट्यांचा घ्या : एक पट्टी डोक्याच्या वरच्या भागावर, दुसरी कानांखालून मानेवर. नाकावरची पट्टी दोन्ही हातांनी दाबा, मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. कडेने हवा सुटली तर धूळही तिथूनच आत येणार. दाढीवर मास्क बसत नाही, दोन दिवसांची खुंटंही पुरेशी फट ठेवतात. मास्क ओला झाला किंवा श्वास जड लागायला लागला की नवा घ्या.

फुप्फुसाच्या तळाशी पोचणारे कण साधारण चार मायक्रॉनपेक्षा बारीक असतात, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे. जाड धूळ लगेच खाली बसते, ही मात्र तासन्‌तास तरंगते. म्हणून ‘धूळ बसली’ असं समजून मास्क काढून त्याच खोलीत डबा खायला बसू नका. कोरडा झाडू मारू नका, फरशी ओली करून चिखल गोळा करा. कपड्यांवर हवेचा फवारा मारून धूळ उडवू नका.

प्रश्न : साइटवर रोज गूळ देतात. गुळाने छातीतली धूळ निघते का?
– मुकादम, पनवेल

उत्तर : नाही. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, धूळ श्वासनलिकेतून फुप्फुसात. दोघांची गाठ पडत नाही. घसा ओला होतो, बरं वाटतं, इतकंच. केळी-दुधाचंही तेच. खायला हरकत नाही, पण तेवढं दिलं म्हणून पाणी-मास्क टाळू नका.

प्रश्न : माझे यजमान अठरा वर्षं ब्रेकर (काँक्रीट फोडायचं मशीन) चालवतात. टीबीची औषधं सहा महिने घेऊन पूर्ण केली, तरी जिना चढताना दम लागतो. एक्स-रेत ठिपके आहेत म्हणतात. पुन्हा टीबी झाला का?
– एक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, असेलही, पण नुसत्या एक्स-रेवरून ठरत नाही. सिलिकोसिसच्या गाठीही फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतात आणि टीबीसारख्याच भासतात. शिवाय सिलिकोसिस असणाऱ्याला टीबी होण्याची शक्यता बरीच वाढते, दोन्ही एकत्रही असतात. थुंकीची सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी) तपासणी करून घ्या. डॉक्टरांना काम नीट सांगा : काय फोडतात, किती वर्षं, पाणी मारतात की कोरडंच. ‘मजुरी’ एवढंच लिहिलं गेलं तर हा आजार त्यांच्या लक्षातच येत नाही. जुने सगळे एक्स-रे सोबत न्या आणि फुंकर मारून करायची स्पायरोमेट्री मागा. सुरुवातीला ती नॉर्मल येऊ शकते, म्हणून एक्स-रे टाळू नका. सिलिकोसिसचे व्रण भरून येत नाहीत, पण धूळ थांबवली तर पुढची हानी कमी होते. बिडी-सिगारेट ओढत असतील तर तीही सोडायला लावा. खोकल्यातून रक्त, संध्याकाळचा ताप किंवा वजन घटणं दिसलं तर लगेच दवाखाना गाठा.

बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी नसेल तर ती करा. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. हजेरी-पगाराच्या चिठ्ठ्या जपा. सिलिकोसिस हा नुकसानभरपाईच्या कायद्यातील व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे आणि तिथे काम केल्याचा पुरावा विचारतात.

प्रश्न : जुने सिमेंटचे पत्रे काढताना काय सांभाळू?
– एक ठेकेदार, कोल्हापूर

उत्तर : त्यात ॲसबेस्टॉस (ज्याचे बारीक तंतू फुप्फुसाला घातक असतात ते खनिज) आहे असंच धरा. ग्राइंडरने कापू नका, फोडू नका, वरून फेकू नका. साबणाच्या पाण्याने भिजवून बोल्ट काढा आणि पत्रा अख्खा दोरीने खाली सोडा. पत्र्यावर पाय देऊ नका, फळी टाका, तो अचानक तुटतो. मास्क एफएफपी३, म्हणजे एफएफपी२ च्या वरच्या दर्जाचा. तुकडे ओले असतानाच जाड प्लास्टिकमध्ये बांधा. कामाचे कपडे साइटवरच बदला, घरच्या धुण्यात घालू नका.